बसचे पैसे दे आणि बस: वेगवेगळ्या खिशांच्या मित्रांचा प्रवासखर्च

तुमचा प्रश्न मला असा समजला: चौघे जुने मित्र, आठ दिवसांची सहल. एकाचा हात सैल. त्याला चांगलंच हॉटेल लागतं आणि दोन चौक जायचं तरी टॅक्सी लागते. दोघे अधलेमधले. तुम्ही बेताने चालणारे. मागच्या सहलीत सगळ्या खर्चाला चाराने भागलं, तुम्ही चकार शब्द काढला नाहीत आणि परत आल्यावर दोन महिने ते डोक्यात घोळत राहिलं. आता पुन्हा बेत शिजतोय. खर्च समान वाटावा की ज्याचा त्याने करावा, हे मित्रांशी बोलायचं कसं, आणि हिशेबासाठी अ‍ॅप वापरावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली सोळा वर्षं लहान गटांच्या सहली आखते. चार ते दहा माणसं, बहुतेक एकमेकांचे मित्र. जागा, तिकिटं, हिशेब सगळं माझ्याकडे. एवढ्या वर्षांत पैशांवरून झालेले जे रुसवेफुगवे पाहिले, त्यात बेरीज चुकली म्हणून झालेला एकच आठवतो. बाकी सगळ्यांचं मूळ बुकिंगच्या दिवशी सापडलं. तुमचंही तिथेच आहे. भागाकार झाला तेव्हा पैसे कधीच गेले होते. कोणीतरी ग्रुपवर हॉटेलची लिंक टाकली, खाली दोन अंगठे आले, तुम्ही दर पाहिलात, पोटात गोळा आला, आणि तुम्हीही अंगठा टाकलात. सल तेव्हाचा आहे.

म्हणून माझ्या लेखी वाटणीची पद्धत दुय्यम. ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्याला खर्च ठरतानाच 'नको' म्हणायची मोकळीक असली, तर मागाहून कसंही वाटा, फारसं बिघडत नाही. ती मोकळीक नसली तर पै-पैचा चोख हिशेबही टोचतो.

आता एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि उत्तर तिच्यावर बरंच अवलंबून आहे. तुम्हाला तो खर्च परवडत नाही, की परवडतो पण जिवावर येतो? दोन्हींत लाज वाटण्यासारखं काही नाही, पण इलाज वेगळे आहेत. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेन्स्टीन या संशोधकांनी २००८ साली १३ हजारांहून जास्त लोकांच्या उत्तरांवरून एक गोष्ट मांडली होती: पैसे हातातून सुटताना काहींना इतकं दुखतं की स्वतःलाच करावासा वाटतो त्यापेक्षा ते कमी खर्च करतात, आणि काहींना इतकं कमी दुखतं की स्वतःलाच करावासा वाटतो त्यापेक्षा ते जास्त करून बसतात. पहिल्या जातीची माणसं दुसरीपेक्षा जास्त निघाली, साधारण तिनास दोन. हे वाचल्यापासून मी गटात कोणाला 'चिकट' किंवा 'उधळ्या' म्हणणं सोडलं. सैल हाताच्या मित्रालाही घरी गेल्यावर कार्डाचं बिल बघून चुटपूट लागत असेल. ती तुम्हाला दिसत नाही इतकंच.

परवडत नसेल तर आकडा ठाम ठेवा आणि तो आकडा म्हणूनच सांगा, कारणं देत बसू नका. जिवावर येत असेल तर दोन-तीन गोष्टी अशा निवडा जिथे तुम्ही हात सैल सोडणार आहात, आणि त्या आधीच ठरवा. आठही दिवस प्रत्येक खर्चाला नाक मुरडणारा सोबती मी पाहिला आहे. त्याच्याबरोबर फिरणाऱ्यांची दया येते.

दुसरी गोष्ट सहलीच्या प्रकाराची. शहरात फिरणार असाल तर खर्च सुटा करणं सोपं असतं: कोणी संग्रहालयात जाईल, कोणी बागेत बसेल. एकच गाडी, एकच घर, दूरची जागा असली की जवळपास सगळंच सामाईक होऊन बसतं आणि आधी बोलणं जास्त गरजेचं होतं.

सरसकट समान वाटणीबद्दल तुम्ही मत मागितलंय. कॉफी, पार्किंग, पाण्याच्या बाटल्या यांच्यापुरती ती उत्तम. जेवणाच्या बिलाला मात्र मी ती लावत नाही. उरी ग्नीझी, एर्नान हारुवी आणि हदास याफे यांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरात अनोळखी लोकांना सहा-सहाच्या गटांनी जेवायला बसवलं. काही गटांत ज्याचं त्याने द्यायचं होतं, काहींत बिलाचे सहा सारखे भाग व्हायचे होते, काहींना सगळं फुकट होतं. स्वतःचं स्वतः देणाऱ्यांनी सरासरी ३७ शेकेलचं (शेकेल हे तिथलं चलन) मागवलं, समान वाटणीवाल्यांनी ५१चं, फुकटवाल्यांनी ८२चं. म्हणजे समान वाटणीत माणसं जास्त मागवतात. लबाडी म्हणून नव्हे. आपण दहाचं काही वाढवलं तर आपल्या वाट्याला दोनसुद्धा येत नाहीत, आणि आपण हात आखडला तरी शेजाऱ्याचं द्यावं लागतंच. ते सगळे एकमेकांना अनोळखी होते. मित्रांत भीड असते, त्यामुळे प्रकार थोडा सौम्य होतो, पण भीडच तुम्हाला गप्पही बसवते.

यात माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली आहे. सुरुवातीच्या वर्षांतली सहल, सहा जणांची. पहिल्या दिवशी मीच जाहीर केलं, 'सोपं पडतं, जेवणाचं समान वाटू.' सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांतला एक जण मेनूकार्ड उजवीकडून वाचायचा. म्हणजे आधी दरांच्या रांगेवरून बोट खाली न्यायचं, सर्वांत लहान आकड्याशी थांबायचं, आणि मग डावीकडे बघायचं की हे आहे तरी काय. तेवढंच मागवायचा. दुसऱ्या रात्री बिल आलं, मी सहाने भागलं, त्याने पाकीट काढलं, नोटा मोजल्या, टेबलाखाली पुन्हा मोजल्या आणि हसतहसत पुढे सरकवल्या. तिसऱ्या रात्री तो म्हणाला, 'तुम्ही जा, माझं पोट बिघडलंय.' चौथ्या रात्रीही तेच. पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या खोलीच्या दारात बिस्किटांचे रिकामे पुडे दिसले तेव्हा माझी ट्यूब पेटली. पोट ठणठणीत होतं. माझ्या 'सोपं पडतं'ने त्याला बाकीच्यांबरोबर जेवायचं सोडून खोलीत बसायला लावलं होतं. हिशेबाची वही मात्र अगदी बिनचूक होती.

तेव्हापासून मी पुढची पद्धत पाळते. तुमच्या चौघांनाही ती चालेल.

तिकिटं काढायच्या आधी प्रत्येकाकडून मी दोन आकडे मागवते: एका रात्रीच्या मुक्कामाला माणशी जास्तीत जास्त किती, आणि सगळी सहल मिळून जास्तीत जास्त किती. आकडे एकमेकांसमोर बोलायचे नाहीत, कोणा एकाला खाजगीत कळवायचे. पूर्वी मी चिठ्ठ्या टाकायला सांगत असे, पण जुन्या मित्रांना एकमेकांचं अक्षर ओळखू येतं. आता निरोप पाठवतात. तुमच्यात बाहेरचं कोणी नसेल तर ज्याच्या पोटात गोष्ट राहते त्याला हे काम द्या.

मग या आकड्यांची सरासरी काढायचा मोह होतो. तो टाळा. समजा चौघांनी मुक्कामासाठी ४०, ६०, ७० आणि १५० सांगितले. चलन कुठलंही धरा. सरासरी ८० येते. म्हणजे चौघांपैकी तिघांच्या मर्यादेबाहेरचं हॉटेल 'मधला मार्ग' म्हणून ठरतं. एका मोठ्या आकड्याने बाकीच्यांना ओढून नेलं. मी सामाईक गोष्टींचा पाया सर्वांत कमी आकड्यावर घालते, इथे ४०वर. ज्याला त्याहून चांगलं हवं त्याने वरचा फरक भरावा.

यावर लगेच कुरकुर येते की सैल हाताच्या माणसाने इतरांच्या काटकसरीचा भुर्दंड का सोसावा. त्याला भुर्दंड पडत नाही. तो आपल्या आवडीची किंमत देतो, एकटा गेला असता तर देणारच होता. सगळ्यांसाठी ४०चं घर आणि त्याला स्वतःसाठी त्याच वस्तीत वेगळी खोली, हेही चालतं. मैत्रीसाठी एकाच छपराखाली झोपलं पाहिजे असं कुठे आहे? सकाळी भेटा.

उलट बाजूही सांगायला हवी. ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याने तो खरा द्यावा. ६० परवडत असताना मुद्दाम ३० सांगून सगळ्यांना आडगावातल्या खाटेवर झोपवणं हीही दादागिरीच आहे.

एका घरात दोन खोल्या असल्या आणि त्या सारख्या नसल्या, की आणखी एक गाठ पडते. एक मोठी, खिडकीची, दुसरी अंधारी. इथे समान भाडं लावू नका, बोली लावा. दोन खोल्यांचं मिळून भाडं १०० आहे. तुम्हाला मोठी खोली ६० मोलाची वाटते, मित्राला ७०. खोली त्याची, पण ६० आणि ७०च्या मधल्या भावाने, म्हणजे ६५ला. तुम्ही ३५ द्यायचे. तुमच्या हिशेबाने अंधाऱ्या खोलीचं मोल ४० होतं, पडली ३५ला. त्याच्या हिशेबाने मोठीचं मोल ७०, पडली ६५ला. दोघेही पाच-पाचने फायद्यात, आणि कोणाला अदलाबदल करावीशी वाटणार नाही. खोल्या आणि माणसं जास्त असली तरी कोणाला दुसऱ्याचा हेवा वाटणार नाही अशी भाड्याची वाटणी साध्या अटींवर निघतेच, हे गणितज्ञ फ्रान्सिस सू यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं आहे. मला ते गणित पूर्ण कळलेलं नाही. बोली मात्र दर वेळी कामी आली, आणि तिच्यात मजाही येते.

टॅक्सीचं माझं सूत्र मित्रमंडळींत आता चेष्टेचा विषय झालंय: बसचे पैसे दे आणि बस. तुमच्या मित्राला टॅक्सी हवी आहे, तुम्ही बसने जाणार होता. टॅक्सीत जागा आहे. तुम्ही तिकिटाइतके पैसे द्या आणि त्याच्या शेजारी बसा. त्याला एकट्याने पडलं असतं त्याहून कमी पडलं, तुम्हाला ठरवलं होतं तेवढंच पडलं. टॅक्सीचं अर्धं भाडं तुमच्याकडून मागणं म्हणजे त्याने ठरवायचं आणि तुम्ही भरायचं. मात्र टॅक्सी सगळ्यांनाच हवी असेल आणि उतरायचं वेगवेगळ्या ठिकाणी असेल, तर टप्प्याटप्प्याने वाटा. पहिल्या थांब्यापर्यंत १२ झाले, दुसऱ्यापर्यंत २०, शेवटपर्यंत ३२. पहिले १२ तिघांत, पुढचे ८ उरलेल्या दोघांत, शेवटचे १२ एकट्याचे: चार, आठ आणि वीस. विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च लहानमोठ्या विमानांत कसा वाटावा यासाठी लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी १९७३ मध्ये मांडलेला हिशेब अगदी याच चालीचा आहे. रोजच्या छोट्या भाड्यांना हे लावू नका, लोक वेड्यात काढतील. विमानतळापासूनच्या लांबच्या भाड्याला लावा.

जेवणाचं: ज्याचं त्याने. चार बिलं मागायला संकोच वाटत असेल तर एकाने भरावं आणि तिथेच टेबलावर, उठायच्या आत, ज्याने त्याने आपला आकडा नोंदवावा. सगळ्यांनी मिळून मागवलेलं तेवढं वाटून घ्या. दारू पिणारे आणि न पिणारे एकत्र असतील तर दारूचं बिल सुरुवातीपासून वेगळंच मागा. सर्वांत जास्त कुजबूज मी त्यावरूनच ऐकली आहे.

अ‍ॅपबद्दल. वापरा, कुठलंही चालेल, वहीसुद्धा चालेल. नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे एवढंच बघा. १९७९ मध्ये मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी नवराबायकोंना वेगवेगळं विचारलं होतं, घरातल्या कामांत तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक वेळा पूर्णाच्या वर गेली. कोणी खोटं बोलत नव्हतं. आपण केलेलं आपल्याला जास्त आठवतं. सहलीनंतर आठवड्याने चौघे आठवायला बसलात तर चौघांनाही आपणच जास्त दिलं असं प्रामाणिकपणे वाटेल.

अ‍ॅपमध्ये 'व्यवहार कमी करा' अशा अर्थाची सोय असते. तिने गोंधळ होतो, म्हणून सांगते. तुम्ही एकाचं देणं लागता, तो दुसऱ्याचं, तर अ‍ॅप तुम्हाला थेट दुसऱ्याला द्यायला सांगतं. 'मी तर याच्याकडून काही घेतलंच नाही,' म्हणून वाद घालू नका. चौघांत कितीही उधारउसनवार झाली असली तरी जास्तीत जास्त तीन व्यवहारांत सगळं मिटतं. परदेशात असाल तर कार्डाच्या विवरणपत्रात खरोखर जेवढे कापले गेले तोच आकडा धरा, इंटरनेटवरचा त्या दिवशीचा दर नको; बँकेचं शुल्कही ज्याने कार्ड पुढे केलं त्याच्या एकट्याच्या माथी मारू नका. आणि कार्डाच्या मशीनने 'तुमच्या देशाच्या चलनात घेऊ का' विचारलं तर नाही म्हणा. स्थानिक चलन बहुधा स्वस्त पडतं.

किरकोळ खर्चासाठी सामाईक पाकीट ठेवा. सगळ्यांनी सारखी रक्कम घालायची, संपलं की पुन्हा सारखी. त्यातून फक्त तेच द्यायचं जे चौघेही वापरतात. एक मधला हिशेब तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी नक्की करा. खर्च वाहवत चालला असेल तर तेव्हा अजून आवरता येतो, शेवटच्या दिवशी फक्त कळतो.

एक प्रसंग तुमच्यावर येईलच म्हणून आधी सांगून ठेवते. तुम्ही आकडा सांगितलात की सैल हाताचा मित्र म्हणेल, 'सोड ना यार, तुझे मी भरतो.' मनापासूनच म्हणेल. एखाद्या वेळेस घ्या, आनंदाने घ्या. पण ती नेहमीची पद्धत होऊ देऊ नका. तुमचे पैसे तो भरायला लागला की कुठे जायचं, किती वाजता उठायचं यातही तुमचा आवाज हळूहळू बारीक होतो. तो करत नाही तसं, तुम्हीच करता. हॉटेलातला फरक त्याने स्वतःसाठी भरणं आणि तुमचा वाटा भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला हो म्हणा.

आता बोलायचं कसं. समोर बसून 'मला जरा बोलायचंय' म्हणू नका, लोक घाबरतात. बुकिंगची चर्चा सुरू व्हायच्या आधी ग्रुपवर निरोप टाका. तुमच्या जागी मी असं लिहिलं असतं:

'बेत ऐकून मजा आली. बुकिंग करायच्या आधी एक. या वेळी माझं बजेट सगळं मिळून एवढं एवढं आहे, त्यातच बसवायचंय. राहायचं मी अमुकपर्यंत देऊ शकतो. कोणाला त्याहून भारी घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, मी जवळपास राहीन. जेवण ज्याचं त्याने ठेवू. तुमचेही आकडे कळवा, मग जागा बघू.'

यात तक्रार नाही, माफी नाही, आणि मागच्या सहलीचं नावही नाही. ते मुद्दाम. मागचा हिशेब आता उकरू नका. तुम्ही तेव्हा 'चालेल' म्हणाला होता, मित्रांनी ते खरं मानलं; आज त्याचं बिल त्यांना देणं न्यायाचं होणार नाही. माझा अंदाज विचाराल तर तुमचा निरोप गेल्यावर त्या दोघा अधल्यामधल्यांपैकी एक जण तासाभरात खाजगीत लिहील, 'बरं झालं बोललास.' सोळा वर्षांत असं न झालेलं क्वचितच पाहिलंय.

मित्र अडूनच बसला तर आठही दिवस एकत्र काढायचा हट्ट सोडा. चार दिवस सगळे, दोन दिवस ज्याचे त्याचे, पुन्हा दोन दिवस सगळे. माझ्या काही गटांत हा तडजोडीचा बेतच पुढे रुळला, कारण मधले दोन दिवस सुटे गेले की परत भेटल्यावर सांगायला काहीतरी असतं.

राहता राहिलं एक, जे सगळे विसरतात: आयत्या वेळी कोणी गळला तर? घर चौघांच्या हिशेबाने घेतलेलं असतं, तिघांना ते महाग पडतं, आणि आजारी मित्राकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही. हे आत्ता, सगळे धडधाकट असताना ठरवा. माझ्याकडे असं असतं: परत न मिळणाऱ्या सामाईक खर्चातला वाटा गळणाऱ्याने भरायचा, बदली माणूस मिळाला तर त्याने भरायचा, आणि जे अजून बुक झालेलं नाही त्यातलं काहीच त्याच्याकडून घ्यायचं नाही. वरच्या निरोपाला ही ओळ जोडा आणि पाठवा. हॉटेलची लिंक यायच्या आत.